आपल्या हाताला पेलेल अशी करवत

"वहिनी, तुम्ही कशाला त्रास घेताय? भाऊंना पाठवा, त्यांना दाखवतो मशीन," दुकानदार अगदी अदबीनं म्हणाला. आम्ही चौघीजणी गेलो होतो. त्यातल्या दोघींच्या घरी पाठवायला कुणी भाऊच नव्हता, हे त्याला बिचाऱ्याला कुठून माहीत असणार?

आम्ही चेनसॉ बघायला गेलो होतो. आमच्याकडे तिला सरसकट 'कटर' म्हणतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हापासून आमच्या श्रीवर्धन तालुक्यात तिचा आवाज मिक्सरच्या आवाजाइतका ओळखीचा झालाय. त्या दिवशी वारा पडल्यावर दार उघडून पाहिलं, तर वाडीत पाय ठेवायला वाट नव्हती. काडेपेटी सांडावी तशा सुपाऱ्या आडव्या पडल्या होत्या, वर माड, त्यावर आंबा. कटरवाल्यांचा दिवस मिळता मिळेना. ज्या घरातला पुरुष खमक्या, त्या वाडीचा नंबर आधी लागे. आमच्या बचत गटातल्या एक मावशी एकट्याच राहतात. त्यांच्या विहिरीवर पडलेला रायवळ आंबा हलायला तीन महिने लागले. भर पावसात त्या दुसऱ्यांच्या विहिरीवरून पाणी वाहत होत्या.

तेव्हाच बैठकीत विषय निघाला, गटाची स्वतःची मशीन का असू नये? वर्षभर नुसती चर्चाच झाली. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं आणि पुन्हा फांद्या पडल्या, तेव्हा मात्र घेतलीच.

आणि पहिली खरेदी सपशेल चुकली! भाजी घेताना चार ठिकाणी भाव करणाऱ्या आम्ही, इथे 'मोठी आणि स्वस्त' या दोन शब्दांना भुललो. बावीस इंचांचा बार, अठ्ठावन्न सीसीचं इंजिन. (बार म्हणजे ज्याच्या कडेनं चेन फिरते ते लांब पातं.) घरी आणून पेट्रोल, ऑइल भरलं आणि तांदळाच्या काट्यावर ठेवली तर सात किलोच्या वर. सात किलोचं बाळ आपण तासन् तास कडेवर घेतो हो, पण बाळ थरथरत नाही आणि कापतही नाही. दोरी ओढतानाच खांद्यातून कळ यायची. झालं, मशीन गेली गावातल्या दोन मुलांच्या हाती. हप्ते गटाचे, आणि कापणार ते त्यांच्या सवडीनं. म्हणजे आम्ही जिथे होतो तिथेच!

दुसऱ्यांदा जायच्या आधी मात्र आम्ही बसून एक यादी केली, आपल्याला कापायचं काय आहे याची. मोठे बुंधे आम्ही कापणारच नव्हतो. पडलेल्या झाडाच्या फांद्या सोलायच्या, म्हणजे मनगटापासून मांडीएवढ्या जाडीच्या, आणि न्हाणीघरातल्या बंबासाठी लाकडाचे तुकडे करायचे. एवढ्यासाठी दहा ते बारा इंचांचा बार भरपूर होतो. इंजिन तीस सीसीच्या आसपास पुरतं. अशी मशीन साधारण चार किलोची असते. इथे एक मेख आहे. कागदावर छापलेलं वजन बहुतेक वेळा बार, चेन आणि पेट्रोल सोडून असतं. म्हणून दुकानात सगळं बसवून, टाकी भरून हातात मागा. दोन्ही हातांनी कमरेच्या उंचीवर धरा आणि पाच मिनिटं तशाच उभ्या राहा. फांदी कापताना फिरवावी लागते तशी कुशीवर वळवून बघा. तोंडाकडून जड लागली, मनगट खाली जायला लागलं, तर ती आपली नव्हे. दुकानदार घड्याळाकडे बघतो, बघू द्या.

एक लहानशी, वरच्या बाजूला मूठ असलेली मशीन आम्हाला फार आवडली होती. अगदी इस्त्रीसारखी. घेणारच होतो. शेवटी एका जुन्या कटरवाल्या काकांना विचारलं, तर ते म्हणाले, "ताई, ती झाडावर चढून, दोर बांधून काम करणाऱ्यांची. जमिनीवर उभं राहून एका हातानं वापरायचा मोह होतो, आणि तिथेच घात." मागची मूठ आणि पुढची मूठ लांब असलेली करवत दिसायला अवजड वाटते, पण दोन हातांत अंतर असतं म्हणून ताब्यात राहते.

बॅटरीची सहा इंची छोटी करवतही पाहिली. ना दोरी, ना धूर. अंगणातली पेरू, सीताफळाची छाटणी, मनगटाएवढ्या फांद्या, एवढंच काम असेल आणि घरी वीज नीट असेल, तर खुशाल तीच घ्या. आमची अडचण वेगळी. निसर्गनंतर आमच्याकडे कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. ज्या दिवशी करवत लागणार, त्याच दिवशी चार्जिंग नाही! म्हणून पेट्रोलची घेतली.

घेताना दोन गोष्टींवर मी अडून बसले. एक, सुटे भाग आणि चेन तालुक्यात मिळायला हव्यात. दुसरी, चेन-ब्रेक. पुढच्या मुठीसमोर एक आडवी ढाल असते, तीच ब्रेकची कळ. ती नसेल किंवा ढिली असेल, तर फुकट दिली तरी मशीन घेऊ नका.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. पहिल्याच आठवड्यात पानांच्या ढिगात लपलेल्या एका फांदीला माझ्या बारचं टोक लागलं. वरच्या बाजूनं टोक टेकलं की मशीन उसळी मारते, हे काकांनी दहा वेळा सांगितलं होतं. कळायच्या आत बार माझ्या तोंडाच्या दिशेनं आला. डावं मनगट ढालीवर आपटलं आणि चेन थांबली. इंजिन चालूच होतं. मी ते बंद केलं, मशीन खाली ठेवली आणि तिथेच ओल्या पाचोळ्यात बसले. पाय लटलट कापत होते. ह्यांना ते आठ दिवसांनी सांगितलं.

त्यानंतर काकांनी दोन दिवस आमची शाळाच घेतली. मशीन जमिनीवर ठेवून, मागच्या मुठीत पाय रोवूनच दोरी ओढायची. डाव्या हाताचा अंगठा मुठीच्या खालून वळलेला हवा. खांद्याच्या वर कधी कापायचं नाही. फांदी सोलताना बुंध्याकडून शेंड्याकडे जायचं आणि जमेल तिथे झाडाचं खोड आपल्या आणि करवतीच्या मधे ठेवायचं. वाकून ताणलेली फांदी सर्वांत फसवी. तिची आतली, दबलेली बाजू आधी थोडी कापायची, मग ताणलेली. नाहीतर फांदी फटकन उसळते, किंवा बार चिमटीत अडकतो.

पदर, ओढणी, मोकळे केस, लोंबतं मंगळसूत्र, यातलं काही चालत नाही. मी मुलाची जीन्स आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालते, बूट, गॉगल आणि कानाला संरक्षक. पहिल्या दिवशी अख्खी आळी बघायला आली होती! जीन्स चेनला अडवत नाही, हे मात्र लक्षात ठेवा. अडवणाऱ्या खास पँट वेगळ्या मिळतात, महाग असतात. गटानं मिळून एक घेतली.

पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल मिसळावंच लागतं. किती, ते मशीनच्या पुस्तिकेत असतं. पन्नासास एक असेल तर लिटरला वीस मिलिलिटर. हल्लीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलला पाणी सुटतं, म्हणून मशीन ठेवून द्यायची असेल तेव्हा टाकी रिकामी करतो. चेनचं ऑइल वेगळं, वेगळ्या टाकीत. आणि हो, आपण पडलेलं कापतोय. उभा आंबा, फणस, साग तोडायचा तर परवानगी लागते, त्यासाठी १९६४ चा कायदा आहे.

विहिरीवाल्या मावशी मशीन चालवत नाहीत. वय झालं, गुडघे धरतात. पण चेनला धार लावणं त्यांनी आपल्याकडे घेतलंय. आमच्या चेनला चार मिलिमीटरची गोल कानस लागते. माडाचं खोड कापलं की धार हमखास जाते. मग मावशी चष्मा लावून पडवीत बसतात. सुरुवातीच्या दाताला त्यांनी सुनेचं लाल नेलपॉलिश लावून ठेवलंय, म्हणजे मोजताना चूक होत नाही. प्रत्येक दाताला सारखे तीन हात. आम्ही वाडीतून परत आलो की त्या पाणी द्यायच्या आधी विचारतात, "आज ढलप्या पडल्या, का नुसता भुसा?"

भुसा म्हटलं की कानस बाहेर निघते.