वीज आली, संगणक सुरू झाला. स्क्रिप्ट मात्र अडली

निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी अलिबागजवळ किनाऱ्यावर धडकले आणि रायगडच्या किनारपट्टीवरील अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. बायोसमध्ये तशी सोय केली असल्यास वीज परतताच संगणक आपोआप सुरू होतो. परंतु नोंदींचा बॅकअप घेणारी स्क्रिप्टही सुरू होईलच, याची शाश्वती नसते. हाताने चालवल्यावर बिनतक्रार चालणारी स्क्रिप्ट बूट होताना का अडते?

बूटच्या वेळी कोणीही लॉग-इन केलेले नसते. त्यामुळे वापरकर्त्याचा 'पाथ' लागू होत नाही आणि प्रोग्राम सापडत नाहीत. प्रत्येक प्रोग्रामचा संपूर्ण पाथ लिहिणे, हा त्यावरील उपाय. फाइलला 'एक्झिक्युट' परवानगी आहे का, हेही तपासावे. नेटवर्क किंवा डिस्क सज्ज होण्यापूर्वीच स्क्रिप्ट धावली, तरी ती अपयशी ठरते.

लिनक्सच्या बहुतेक प्रमुख वितरणांनी २०१५ पर्यंत 'सिस्टिमडी' ही प्रणाली स्वीकारली. तिच्यात 'स्टार्ट' म्हणजे आत्ता चालू करणे, तर 'इनेबल' म्हणजे पुढील प्रत्येक बूटच्या वेळी चालू होण्याची तजवीज करणे. ही दुसरी कमांड देण्याचे अनेकदा राहून जाते. 'जर्नलसीटीएल' या कमांडला 'बी' हा पर्याय जोडल्यास सध्याच्या बूटच्या नोंदी दिसतात. बिघाडाचा माग बहुधा तेथेच लागतो.

दुरुस्तीनंतर संगणक मुद्दाम पुन्हा सुरू करून पाहावा. ही चाचणी पावसाळ्यापूर्वी, वीज असतानाच झालेली बरी.