गोधडींतील वांकडा टांका

उंदेरी किल्ल्यासमोरील थळसारख्या कोंकणांतील गांवीं जुन्या लुगड्यांची गोधडी शिवण्याची रीत आहे. एखादी नवशिकी मुलगी टांका वांकडा पडतांच खिन्न होऊन सारी ओळ उसवूं लागते. खरी चूक येथेंच होते. जुनें कापड विरलेलें असतें. उसवतांना तें फाटतें. शिवाय धांवदोऱ्याच्या अनेक ओळी मिळून थर धरून ठेवतात. एक ओळ तिरपी गेल्यानें मजबुती घटत नाहीं. मात्र सुटलेली कड, बोटांत अडकणारा लांब टांका, एका जागीं गोळा झालेला थर हे खरे दोष होत. ते तत्काळ सुधारावे. आजीचा हात कांपूं लागला म्हणून तिच्या हातची सुई काढून घेऊं नये; तिची गोधडी नातवाला तितकीच ऊब देते.