माणशी साडेतीन किलो

२०,००० पौंड, म्हणजे साधारण ९ टन अन्न. मार्च १९३६ मध्ये अमेरिकी सरकारने कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथल्या मजूर छावणीकडे एवढं धाडलं. छावणीत माणसं सुमारे २,५००. भागाकार केला तर माणशी साडेतीन किलोच्या आसपास. थंडीने वाटाण्याचं पीक मारलं होतं. तोडायला शेंगच नाही, तर मजुरी कुठली?

सरकार हललं ते ‘सॅन फ्रान्सिस्को न्यूज’मध्ये छापून आलेल्या फोटोंमुळे. ते काढले होते सरकारच्याच पुनर्वसन खात्यातल्या डोरोथिया लँगने. छावणीची पाटी ओलांडून ती वीस मैल पुढे गेली आणि मग परत फिरली. तिच्या आठवणीप्रमाणे ती तिथे जेमतेम दहा मिनिटं होती. एका बाईचे फोटो काढून तिने टिपून घेतलं : वय ३२, मुलं सात. नाव मात्र विचारलं नाही.

इतकी माणसं शेतं सोडून रस्त्यावर का आली, ते बाजारभाव सांगतात. १९२९ मध्ये गव्हाचा भाव बुशेलला, म्हणजे २७ किलोंना, एक डॉलरच्या आसपास होता. १९३२ मध्ये तो ३८ सेंटवर आला. कापूस पौंडाला सुमारे १७ सेंटवरून साडेसहावर. त्यात दुष्काळ, धुळीची वादळं, ट्रॅक्टर. पेरा कमी करण्यासाठी सरकारने पैसे दिले, तर कित्येक जमीनमालकांनी ते खिशात घालून कुळंच हाकलली. त्या दशकात ओक्लाहोमा, टेक्साससारख्या राज्यांतून तीन लाखांवर माणसं कॅलिफोर्नियात आली.

गंमत अशी की, लँगच्या फोटोतली, या लोंढ्याचा चेहरा ठरलेली बाई त्या लोंढ्यातली नव्हतीच. फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन मूळची ओक्लाहोमाची, चेरोकी वंशाची. पण कॅलिफोर्नियात आली ती १९२० च्या दशकातच. हे जगाला कळलं १९७८ मध्ये, फोटोनंतर ४२ वर्षांनी. पोटासाठी गाडीचे टायर विकले, ही लँगची नोंदही घरच्यांनी खोडून काढली. आणि ते ९ टन? ते पोचेपर्यंत हे कुटुंब पुढच्या कामाच्या शोधात निघून गेलं होतं.

लँगच्या खात्यातल्या छायाचित्र विभागाचा प्रमुख रॉय स्ट्रायकर याच्या देखरेखीखाली १९३५ पासून जमत गेलेल्या ज्या सरकारी संग्रहात हे फोटो आहेत, त्यात आज पावणेदोन लाखांच्या घरात निगेटिव्ह आहेत. थॉम्पसनबाईंना त्यांच्या फोटोचा एक पैसा मिळाला नाही. १९९८ मध्ये त्याच्या एका प्रतीला लिलावात २,४४,५०० डॉलर आले.

माझ्या लेखी यापेक्षा बोचरा आकडा २५ सेंटांचा. १९३८ च्या कायद्याने अमेरिकेत तासाला किमान एवढी मजुरी ठरली. हे फोटो तोवर देशभर पोचले होते, तरी शेतमजूर त्या कायद्यातून वगळलेच गेले. त्यांच्यासाठी दुरुस्ती झाली १९६६ मध्ये, तीही मोठ्या शेतांवरच्या मजुरांपुरती. लँग आदल्याच वर्षी वारली होती.