काच किती दाब सोसते?

जे. पी. नगरमध्ये बसून मी औषध कारखान्यांच्या रिअ‍ॅक्टरचे आराखडे तपासते. आतलं रसायन दिसावं म्हणून झाकणावर जाड गोल काच बसवतात. तिला सगळे साइट ग्लास म्हणतात. "जाड काच टाका की झालं" हे मला मुळीच पटत नाही.

हिशेब असा. गॅस्केटचा व्यास 100 मिलिमीटर, दाब 10 बार, म्हणजे चौरस मिलिमीटरला 1 न्यूटन. टफन केलेल्या बोरोसिलिकेट काचेची वाकण्यातली ताकद जर्मन मानक डीआयएन 7080 प्रमाणे त्याच मापात 160 धरतात. पाचपट सुरक्षितता ठेवली की हाती उरतात 32. दाबाला 32 ने भागून वर्गमूळ काढा, त्याला व्यासाने आणि 0.55 ने गुणा: 9.7 मिलिमीटर. त्याच्या वरची, बाजारात मिळणारी जाडी मी घेते. व्यास दुप्पट केला तर तेवढ्याच जाडीची काच चौथाईच दाब पेलते; हे फार जणांच्या ध्यानात येत नाही.

काच दाबाखाली भक्कम, ताणाखाली नाजूक. आतून दाब आला की बाहेरचा पृष्ठभाग ताणला जातो, आणि तिथला एक ओरखडा सगळा हिशेब मोडतो. फ्लँजचे बोल्टही समोरासमोरचे, थोडेथोडे करत आवळायचे. एकच बाजू आधी कसली तर काच वाकते. ओरखडा नखाला लागला की काच बदला, घासून पुन्हा बसवू नका.