हात किती उंचीवर? टाइपरायटरच्या टेबलापासून क्लॅम्पच्या ट्रेपर्यंत

वसई गावातल्या होळी या भागापासून वसई रोड स्टेशन आणि तिथून चर्चगेट. जाताना लोकलचा सुमारे 50 किलोमीटरचा प्रवास, येताना पुन्हा तेवढाच. इथल्या नोकरदारांच्या कित्येक पिढ्यांनी दिवस असाच काढला. या सगळ्या धावपळीत एक गोष्ट मात्र कोणाला पाहावी लागत नव्हती: कामाला बसायची टेबल-खुर्ची. ती ऑफिसची होती. 24 मार्च 2020 च्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली आणि टेबल-खुर्चीची जबाबदारी घरावर येऊन पडली.

घरात जे होते त्यावर काम सुरू झाले. कोणी जेवणाच्या टेबलावर, कोणी मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर, कोणी पलंगाच्या कडेला बसून. थोड्याच दिवसांत मान, खांदे आणि मनगटे बोलू लागली. लोकांनी पहिला इलाज केला तो खुर्चीवर. मग लॅपटॉप उंच करणारे स्टँड आले, वेगळे कीबोर्ड आले. हातांच्या उंचीकडे सर्वांत शेवटी लक्ष गेले आणि त्यातून टेबलाच्या कडेला शिकंज्याने, म्हणजे क्लॅम्पने, आवळून बसवायचा सरकता कीबोर्ड-ट्रे अनेक मराठी घरांत पहिल्यांदाच शिरला. वस्तू घरात नवी असली, तरी जो प्रश्न ती सोडवते तो सुमारे दीडशे वर्षांचा आहे.

1874 मध्ये रेमिंग्टनने शोल्स आणि ग्लिडन यांचा टाइपरायटर बाजारात आणला. रेमिंग्टन कंपनी तेव्हा शिलाई मशीनही बनवत होती आणि हा पहिला टाइपरायटर शिलाई मशीनसारख्याच स्टँडवर बसवलेला होता. कॅरेज मागे आणण्यासाठी पायाने दाबायचे पॅडलसुद्धा त्याला होते. यंत्रासोबत त्याचे टेबलही द्यायला हवे, हे पहिल्याच दिवशी बनवणाऱ्यांच्या ध्यानात आले होते.

कारण साधे आहे. लिहिण्याचे टेबल पेनसाठी बनलेले असते. पेनने लिहिताना हाताचा भार टेबलावर टेकतो, माणूस थोडा पुढे झुकतो. त्या कामाला जमिनीपासून साधारण 30 इंचांची उंची चालते. टाइप करताना हात टेकत नाहीत, बोटांच्या जोरावर अधांतरी चालतात. शिवाय जुन्या टाइपरायटरच्या कळा त्याच्या तळापासून बऱ्याच उंचीपर्यंत पायऱ्यांसारख्या चढत गेलेल्या. तेच यंत्र 30 इंचांच्या टेबलावर ठेवले की खांदे उचलूनच टाइप करावे लागे. म्हणून ऑफिसांमध्ये टायपिस्टचे टेबल वेगळे असायचे, 26-27 इंचांचे. साहेबांच्या मोठ्या टेबलाला काटकोनात जोडलेली ती बुटकी बाजू ज्यांनी जुनी सरकारी कार्यालये पाहिली आहेत, त्यांना आठवेल.

गोदरेजने 1955 मध्ये भारतात बनलेला पहिला टाइपरायटर आणला आणि पुढची चार-पाच दशके महाराष्ट्रात टायपिंग क्लास ही नोकरीची पहिली पायरी राहिली. लिपिक-टंकलेखकाच्या पदासाठी मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्द प्रति मिनिट ही अट आजही भरतीच्या जाहिरातीत दिसते. वसईसारख्या गावांतून शॉर्टहँड-टायपिंग शिकून फोर्टातल्या ऑफिसांत लागलेल्या मुलींनी घरे उभी केली. त्या क्लासमध्ये बोटांच्या आधी बसणे शिकवले जाई: पाठ सरळ, कोपरे अंगालगत, मनगटे वर, नजर कागदावर. हे नुसते शिस्तीचे खूळ नव्हते. जड कळा दिवसभर मारायच्या तर खांद्यांना सैल ठेवणे हीच तिथली सुरक्षा होती. ही शिकवण या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा भाग आहे आणि नेमका तोच हातून निसटला.

निसटला तो कॉम्प्युटर आल्यावर. 1981 च्या आयबीएम पीसीचा कीबोर्ड गुंडाळलेल्या वायरने जोडलेला, सुटा होता. तो हवा तिथे, हव्या उंचीवर ठेवता येत होता. जर्मनीने तर त्याच दशकात कीबोर्डची मधली ओळ टेबलापासून 30 मिलिमीटरपेक्षा उंच नसावी असा दंडक घातला आणि जगभरच्या उत्पादकांनी कीबोर्ड चपटे केले. 1990 मध्ये युरोपीय समुदायाने स्क्रीनवर काम करणाऱ्यांसाठी नियम केले. कीबोर्ड स्क्रीनपासून सुटा आणि तिरका करता येणारा हवा, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. पण कीबोर्ड चपटा झाल्याचा उलटाच परिणाम इथे झाला. आता वेगळे टेबल कशाला, असे म्हणून तो लिहिण्याच्याच टेबलावर ठेवला गेला. टायपिस्टची बुटकी टेबले भंगारात गेली.

घराघरांत आणि क्लासांत मात्र दुसरी एक वस्तू आली: कॉम्प्युटर टेबल. 2001 मध्ये एमकेसीएल, म्हणजे महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन, स्थापन झाले, एमएस-सीआयटी ही संगणक साक्षरतेची परीक्षा सुरू झाली आणि गावोगावच्या केंद्रांत सनमायका लावलेल्या त्या अरुंद टेबलांच्या रांगा लागल्या. वर मॉनिटर, खाली सीपीयूचा कप्पा आणि मध्ये चॅनलवर सरकणारी फळी. कल्पना योग्य होती, मापे चुकलेली होती. सरकती फळी बहुधा वीसेक इंच रुंद. नंबर पॅडसह पूर्ण कीबोर्ड साडेसतरा इंचांचा. उरलेल्या जागेत माऊस मावायचा नाही, म्हणून तो वरच्या फळीवर, मॉनिटरच्या शेजारी. डावा हात खाली आणि उजवा हात पुढे-वर ताणलेला, अशा अवस्थेत महाराष्ट्रातली एक पिढी कॉम्प्युटर शिकली. उजव्या खांद्याची तक्रार तेव्हापासूनची आहे.

हाताच्या टाइपरायटरवरची सरकारी टंकलेखन परीक्षा महाराष्ट्रात 2017 मध्ये शेवटची झाली. त्याआधीच, 2008 च्या तिसऱ्या तिमाहीत, जगात लॅपटॉपची विक्री डेस्कटॉपच्या पुढे गेली होती. लॅपटॉपने स्क्रीन आणि कळा पुन्हा एकत्र शिवून टाकल्या. स्क्रीन डोळ्यांसमोर आणावी तर हात वर जातात, हात खाली ठेवावेत तर मान वाकते. 2020 च्या टाळेबंदीत घरोघरी जे दुखणे निघाले ते या जोडणीचे होते. टीसीएसने त्या वर्षी, 2025 पर्यंत कोणत्याही वेळी फक्त 25 टक्के कर्मचारी ऑफिसात लागतील असे धोरण जाहीर केले होते. 2023 मध्ये लोकांना परत बोलावले गेले. तरी आठवड्यातले काही दिवस घरून, ही पद्धत अनेक ठिकाणी राहिली. वसई-विरारकरांसाठी तर घरून काम म्हणजे गर्दीतले तीन-चार तास वाचणे. घरातले टेबल त्यामुळे कायमचे कामाचे टेबल झाले आणि त्याचे माप गंभीरपणे घेण्याची वेळ आली.

माप घ्यायचे कशाचे? टेबलाचे नव्हे, माणसाचे. पाय जमिनीवर पूर्ण टेकवून खुर्चीत बसायचे, दंड सैल सोडायचे, कोपर काटकोनात वाकवायचे आणि जमिनीपासून कोपराच्या खालच्या टोकापर्यंत टेप धरायची. कीबोर्डची मधली ओळ या उंचीवर किंवा किंचित खाली हवी. खुर्चीची बैठक 17 इंच आणि बैठकीपासून कोपर साडेआठ इंच असेल, तर हा आकडा साडेपंचवीस इंच निघतो. टेबल 30 इंच आणि कीबोर्डची जाडी एक इंच धरली, तर हात साडेपाच इंच वर उचलले जात आहेत. भारतीय शरीरांची मापे अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने 1997 मध्ये देबकुमार चक्रवर्ती यांच्या पुस्तकातून प्रसिद्ध केली. फर्निचर बनवणाऱ्या प्रत्येक कारखान्यात ते पुस्तक असायला हवे. बुटक्या अंगाच्या माणसाला, म्हणजे आपल्याकडच्या बहुसंख्य स्त्रियांना, ठरावीक टेबल सर्वांत जास्त त्रास देते.

ट्रे हा फरक साडेतीन ते पाच इंचांनी कमी करतो. उरलेला खुर्ची इंचभर चढवून आणि पायाखाली घरातला पाट ठेवून भरून निघतो. पण दुसरी बाजूही मोजायला हवी, ती मांडीची. 30 इंचांच्या टेबलाला असा ट्रे लावला की त्याच्या खाली साधारण साडेचोवीस इंच उरतात. 17 इंचांच्या बैठकीवर मांडीची जाडी सहा इंच धरली तर दीड इंच मोकळे. उंच माणसाने खुर्ची चढवली की हेही संपते आणि गुडघे ट्रेला आपटतात. अशा माणसाला ट्रे घेऊच नये, असे स्पष्ट सांगायला हवे.

खरेदीपूर्वी टेबलाखाली वाकून हात फिरवावा. क्लॅम्पला कडेपासून दोनेक इंच आत सपाट जागा लागते. वसई गावातल्या जुन्या घरांतली सागवानी टेबले देखणी आणि भक्कम, पण वरच्या फळीखाली चारही बाजूंनी उभी पट्टी आणि बहुतेकदा खण. तिथे शिकंजा धरायला जागाच नसते. काचेच्या टेबलाला क्लॅम्प कधीही लावू नये. कड गोल घासलेली असेल तर पकड सरकते. नव्या फ्लॅटमधल्या तयार टेबलांचा प्रश्न वेगळा. ती बहुधा भुशाच्या दाबलेल्या बोर्डाची असतात. समुद्र आणि खाडीची दमट हवा त्या बोर्डाला मानवत नाही. 2018 च्या जुलैत वसई-नालासोपाऱ्यात पाणी साचून लोकल ठप्प झाल्या होत्या. अशा पाण्यात फुगलेला बोर्ड वाळला तरी पुन्हा घट्ट होत नाही. त्यावर क्लॅम्प आवळला की कड चुरते. 18 एमएमची, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेत सहा सुताची, प्लायची फळी असेल तर काळजी नाही. बहुतेक क्लॅम्प दीड ते दोन इंच जाडीपर्यंत उघडतात.

रुंदीच्या बाबतीत तडजोड करू नये. कीबोर्ड आणि माऊस एकाच पातळीवर राहायचे तर ट्रे 25-26 इंच हवा. जागा नसेल तर नंबर पॅड नसलेला, सुमारे 14 इंचांचा कीबोर्ड घ्यावा, पण माऊस वर ठेवण्याची एमएस-सीआयटीच्या काळातली पद्धत पुन्हा आणू नये. चॅनल बॉल-बेअरिंगचे आणि लोखंड पावडर कोटिंगचे आहे हे पाहावे. नुसता रंग मारलेले स्क्रू वसईच्या एका पावसाळ्यात गंजतात.

बसवायला अर्धा तास पुरतो, घाई नसेल तर. टेबलावरचे सारे उतरवावे, बसण्याच्या जागेचा मध्य पेन्सिलीने आखावा. मॉनिटरही त्याच मध्यावर यायचा आहे. दोन्ही क्लॅम्प आधी सैल अडकवावेत. स्क्रूच्या गोल चकतीवर रबर असते, तरी बोर्ड आणि चकती यांच्यामध्ये प्लायचा हातभर लांब तुकडा द्यावा, म्हणजे भार एका बिंदूवर न पडता पसरतो. मग डावा थोडा, उजवा थोडा, असे आलटून-पालटून आवळत जावे. एक बाजू आधी पूर्ण आवळली की चॅनल तिरके बसतात आणि ट्रे सरकताना मध्येच अडतो. ट्रे पूर्ण बाहेर ओढून त्याच्या पुढच्या कडेवर तळहात दाबून पाहावा. थोडा लवतो, ते चालेल. क्लॅम्पच हलत असेल तर चालणार नाही. दुसऱ्या दिवशी स्क्रू पुन्हा तपासावेत, कारण रबर आणि प्लाय रात्रभरात थोडे दबलेले असतात. कीबोर्डखालचे दोन छोटे पाय उघडलेले असतील तर ते मिटवावेत. ते मागची बाजू वर उचलतात आणि मनगट मागे वाकवतात. इतके करून हात खाली आणल्याचा फायदा मग निम्मा होतो.

ज्यांचे टेबल फक्त कॉम्प्युटरसाठीच आहे आणि लाकडी आहे, त्यांच्यासाठी ट्रेपेक्षा सोपा उपाय आहे: मिस्त्रीला बोलावून चारही पाय तीन-साडेतीन इंच कापून घ्यावेत. मांडीला जागा जास्त राहते, हलण्याचा प्रश्न नाही, खर्च मजुरीपुरता. कापल्यावर उरते ती उंची नेमकी टायपिस्टच्या टेबलाचीच.

जिथे टेबल जेवणाचेही आहे, अभ्यासाचेही आणि कामाचेही, म्हणजे वन रूम किचनच्या बहुसंख्य घरांत, तिथे मात्र काम झाल्यावर आत सरकणारा आणि गरज पडल्यास काढता येणारा क्लॅम्पचा ट्रेच योग्य. आज मिळणारे बरेच ट्रे परदेशी टेबलांच्या मापाने बनलेले असतात. पत्रा कापणे, वाकवणे, वेल्डिंग आणि पावडर कोटिंग एवढेच या वस्तूला लागते आणि ही कामे वसई पूर्वेच्या वालीव-सातिवलीच्या गाळ्यांत रोज चालतात. तिथल्या कोणी उद्योजकाने सहा सुताच्या प्लायला आणि पाच फूट उंचीच्या बाईला डोळ्यांसमोर ठेवून असा ट्रे बनवावा. गिऱ्हाईक शोधायला त्याला वसई-विरारच्या बाहेर जावे लागणार नाही.