आधी शिखर, मग समुद्र

हवाई बेटांपैकी माऊई येथे स्वतःच आखणी करून फिरणाऱ्यांचा एक आवडता बेत असतो. सकाळी मोलोकिनी विवरापाशी स्कूबा डायव्हिंग आणि दुसऱ्या पहाटे ३,०५५ मीटर उंचीच्या हालेआकाला ज्वालामुखीवर सूर्योदय पाहून सायकलने उतार. बेत मोहक खरा. पण त्याचा क्रम घातक ठरू शकतो.

पाण्याखालील दाबामुळे श्वासातील नायट्रोजन रक्तात व ऊतींत अधिक विरघळतो. वर आल्यावर तो फुप्फुसांवाटे सावकाश बाहेर पडतो. तत्पूर्वीच विरळ हवेत गेल्यास, सोड्याची बाटली उघडावी तसे, त्याचे बुडबुडे होतात. परिणामी सांधेदुखी, बधिरता, क्वचित पक्षाघातही.

विमानप्रवासापूर्वी एका डुबकीनंतर किमान १२, अनेक डुबक्यांनंतर १८ तास थांबावे, असा संकेत आहे. तोही केबिनमधील सुमारे २,४०० मीटरपर्यंतचा दाब गृहीत धरून. दुपारी बाराला पाण्याबाहेर आलेला प्रवासी पहाटे चारला शिखर गाठतो, तेव्हा १६ तासच झालेले असतात! येथे २४ तासांहून अधिक विश्रांतीच शहाणपणाची. स्वतंत्र प्रवाशाला हे बजावणारा सहलप्रमुख सोबत नसतो. त्याने सायकल आधी उरकावी, समुद्र नंतर. मात्र परतीच्या विमानापूर्वीचा दिवस कोरडाच ठेवावा.