किडनी बदलल्यानंतरच्या गोळ्या : चुकवू नका, मनाने बदलू नका

किडनी बदलण्याचे ऑपरेशन पार पडले, आईने किंवा बहिणीने दिलेली किडनी काम करू लागली, की घरच्यांना वाटते संकट टळले. पण खरी राखण त्यानंतर सुरू होते. आपले शरीर नव्या किडनीला परकी समजून तिच्यावर हल्ला करते. तो थोपवण्यासाठी टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन अशी औषधे देतात. किडनी चालते आहे तोपर्यंत डॉक्टरांनी ठरवल्याप्रमाणे ती घ्यावीच लागतात. बरे वाटते म्हणून गोळ्या सोडणाऱ्याची किडनी निकामी होऊ शकते.

टॅक्रोलिमसचे रक्तातील प्रमाण फार जपावे लागते. कमी पडले तर शरीर किडनी नाकारते. जास्त झाले तर हेच औषध किडनीला इजा करते, हात थरथरतात, साखर वाढते. म्हणून त्याची लेव्हल तपासतात. त्या दिवशी सकाळची गोळी सोबत न्यावी आणि रक्त दिल्यावरच घ्यावी.

आम्हाला अधिक काळजी वाटते ती दुसऱ्या आजारासाठी घेतलेल्या औषधांची. टीबीवरील रिफाम्पिसिनमुळे टॅक्रोलिमसची लेव्हल एकदम खाली येते. क्लॅरिथ्रोमायसिन किंवा बुरशीवरील फ्लुकोनाझोलने ती वर जाते. अंगदुखीसाठी मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन किडनीला थेट घातक ठरू शकते. अॅझाथायोप्रिन चालू असताना युरिक अॅसिडसाठी अॅलोप्युरिनॉल घेतले तर रक्तपेशी धोकादायक पातळीपर्यंत घटतात.

एवढे अवश्य पाळा :

● कोणत्याही दवाखान्यात आधी सांगा, 'माझी किडनी बदललेली आहे.' औषधांची चिठ्ठी जवळ ठेवा.
● गोळ्या ठरलेल्या वेळीच घ्या.
● कंपनी बदलायची असेल तर किडनीच्या डॉक्टरांना विचारूनच; नंतर लेव्हल तपासा.
● काढे, भस्मे, जडीबुटी मनाने घेऊ नका.
● मूल हवे असेल तर बहिणींनी आधी डॉक्टरांना भेटावे. मायकोफेनोलेटने गर्भाला अपाय होतो.
● ताप, लघवी कमी होणे, सूज, सतत उलट्या-जुलाब झाल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

पैशाची ओढाताण असेल तर दोनाची एक गोळी करू नका. डॉक्टरांना आणि रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकांना मोकळेपणाने सांगा. मदत मागण्यात कमीपणा नाही. किडनी नाकारली जात असताना सुरुवातीला काहीच दुखत नाही. म्हणून तब्येत ठणठणीत असली तरी क्रिएटिनिनची तपासणी चुकवू नका, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.